अमेरिकेनंही ज्याच्या रायफलीसाठी पैसे मोजले तो पॉल माउझर, आणि लाकडात लपलेली त्याची एक छोटी नळी

1896 चा ऑक्टोबर महिना. मुंबईच्या ससून डॉकला एक छोटी होडी लागत होती. होडीत एकवीस वर्षांचा ब्रिटिश लष्करी अधिकारी होता. धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी धरून तो पायऱ्यांवर चढायला गेला, तेवढ्यात लाटेनं होडी खाली गेली. हात कडीत आणि अंग खाली. उजवा खांदा निखळला आणि तो जन्मभर त्रास देत राहिला. या अधिकाऱ्याचं नाव विन्स्टन चर्चिल.

दोन वर्षांनी, 2 सप्टेंबर 1898 ला, चर्चिल सुदानमध्ये ओम्दुर्मानच्या लढाईत घोडदळात होता. आजूबाजूचे स्वार भाले आणि तलवारी घेऊन निघाले. ससून डॉकवर दुखावलेल्या खांद्यामुळे चर्चिलला तलवार चालवणं धोक्याचं वाटत होतं, म्हणून त्यानं पिस्तूल घेतलं. दहा गोळ्यांचं आणि झाडूच्या दांड्यासारख्या मुठीचं ते पिस्तूल होतं माउझर कंपनीचं.

आपल्याकडे माउझर हे नाव आलं की काकोरी आठवतं. 1925 साली रामप्रसाद बिस्मिल, अश्फाकउल्ला खान आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारी खजिना नेणारी रेल्वे अडवली, तेव्हा त्यांच्या हातात हीच जर्मन पिस्तुलं होती. त्यामुळे माउझर म्हणजे पिस्तूल असं समीकरण आपल्या डोक्यात बसलंय.

गंमत अशी की हे पिस्तूल पॉल माउझरनं स्वतः डिझाइन केलेलं नव्हतं. त्याच्या कारखान्यातल्या फीडर्ले बंधूंनी ते तयार केलं आणि पेटंट मालकाच्या नावावर निघालं. पॉलचं स्वतःचं आयुष्य गेलं ते रायफलीत. त्या रायफलीच्या लाकडात त्याच्या कारखान्यानं बसवलेली करंगळीएवढी एक पोलादी नळी आजही हौशी नेमबाज आपापल्या वर्कशॉपमध्ये पुन्हा पुन्हा बनवत असतात. त्या नळीकडे येऊच, पण आधी माणूस.

दक्षिण जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला नेकार नदीच्या खोऱ्यात ओबर्नडॉर्फ नावाचं गाव आहे. तेव्हा जर्मनी एक देश नव्हता, छोटीमोठी राज्यं होती, आणि ओबर्नडॉर्फ होतं व्युर्टेंबर्गच्या राजाच्या ताब्यात. या राजानं 1811 साली गावातल्या एका जुन्या ऑगस्टिनियन मठात बंदुकांचा कारखाना काढला. जिथं प्रार्थना व्हायच्या तिथं कानशी आणि हातोडे वाजायला लागले.

या कारखान्यात आंद्रेआस माउझर नावाचा कारागीर होता. त्याला तेरा मुलं. शेवटचं अपत्य पीटर पॉल, जन्म 27 जून 1838. त्याच्याहून चार वर्षांनी मोठा विल्हेल्म. पोरं वयात येण्याआधीच कारखान्यात जायला लागायची, कारण सरकारी कारागिराच्या पगारात पंधरा तोंडांचं घर चालवणं सोपं नव्हतं. एक भाऊ अमेरिकेला गेला आणि रेमिंग्टनच्या बंदुकीच्या कारखान्यात कामाला लागला. पॉल आणि विल्हेल्म गावातच राहिले.

दोघा भावांचे स्वभाव वेगळे. पॉल अबोल, हातात कानस असली की त्याला वेळेचं भान राहायचं नाही. विल्हेल्मला बोलणं, पटवणं, दारोदार फिरणं जमायचं. तब्येत मात्र त्याची कायम तोळामासा. पॉलनं बनवायचं आणि विल्हेल्मनं विकायचं ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती, ती आपोआप झाली.

1859 मध्ये पॉलला सक्तीच्या सैनिकी सेवेसाठी बोलावणं आलं. लुडविग्सबर्गच्या शस्त्रागारात त्याला तोफखान्यात टाकलं आणि तिथंही त्याचं काम बंदुका दुरुस्त करायचंच राहिलं. तिथं त्यानं प्रशियाची प्रसिद्ध ड्रायझं रायफल बारकाईनं पाहिली.

ही रायफल त्या काळातलं मोठं प्रकरण होतं. बाकीचे सैनिक बंदूक उभी धरून नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायचे. ड्रायझंमध्ये मागून काडतूस भरता यायचं. मागचं तोंड बंद करायला एक दांडा पुढे सरकवायचा आणि आडवा फिरवायचा. आपल्या जुन्या वाड्यांच्या दाराला सरकवून फिरवायची लोखंडी कडी असते ना, अगदी तसं. त्या दांड्यालाच बोल्ट म्हणतात.

पण ड्रायझंमध्ये उणिवा होत्या. गोळी पेटवायला एक लांब सुई लागायची आणि ती वाकायची, मोडायची. मागून गरम वायू सैनिकाच्या तोंडावर यायचा. आणि प्रत्येक वेळी ती सुई वेगळी ओढून तयार ठेवावी लागायची. पॉलच्या डोक्यात विचार आला की सैनिक बोल्ट फिरवतोच आहे, तर त्याच हालचालीत बंदूक चाप ओढायला तयार का होऊ नये? आज हे इतकं साधं वाटतं की कुणीतरी पहिल्यांदा शोधलं असेल हेही लक्षात येत नाही. पॉलनं ते केलं. पुढे सुईच्या जागी जाड, आखूड पिन आणली आणि कागदी काडतुसाऐवजी धातूचं काडतूस वापरलं.

रायफल तयार झाली, पण घेणार कोण? स्वतःच्या राज्यानं रस दाखवला नाही. प्रशियाकडे आधीच ड्रायझं होती. अखेर रेमिंग्टन कंपनीचा युरोपातला प्रतिनिधी सॅम्युअल नॉरिस याला ती आवडली आणि 1867 मध्ये करार झाला. फ्रेंच सैन्याच्या रायफली माउझरच्या पद्धतीनं बदलून द्यायच्या असा नॉरिसचा बेत होता. दोघे भाऊ बेल्जियममधल्या लीएजला गेले. फ्रेंचांनी नकार दिला आणि नॉरिसनं अंग काढून घेतलं. 1869 च्या डिसेंबरात पॉल आणि काही महिन्यांनी विल्हेल्म रिकाम्या हातानं गावी परतले आणि पॉलच्या सासऱ्याच्या घरात त्यांनी पुन्हा काम मांडलं.

लीएजच्या त्या दिवसांत एक गोष्ट मात्र झाली होती. नॉरिसनं जाता जाता ती रायफल प्रशियाच्या नेमबाजी प्रशालेला दाखवली होती. तिथल्या अधिकाऱ्यांच्या ती लक्षात राहिली. 1871 मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि नव्या साम्राज्याला नवी रायफल हवी होती. 2 डिसेंबर 1871 ला माउझरची रायफल मंजूर झाली.

आता भावांचे दिवस पालटले असं वाटेल. तसं झालं नाही. रायफल त्यांची, पण ती बनवायचं काम गेलं सरकारी कारखान्यांना आणि बड्या कंपन्यांना. माउझर बंधूंच्या वाट्याला काम आलं ते 3000 साइट्सचं. साइट म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी पट्टी. ज्यांनी अख्खं घर बांधलं त्यांना दाराच्या कड्या बनवायला सांगितल्यासारखं हे होतं.

भावांनी त्या साइट्स इतक्या नीट बनवल्या की बव्हेरियाकडून आणखी 1 लाखांची ऑर्डर आली. त्या जोरावर विल्हेल्मनं धावपळ करून व्युर्टेंबर्ग सरकारकडून 1 लाख रायफलींचं काम मिळवलं, स्टुटगार्टच्या बँकेला भागीदार केलं आणि 1874 मध्ये दोघांनी एक कारखाना विकत घेतला. कोणता? तोच, मठातला. ज्या कारखान्यात त्यांच्या बापानं पोटासाठी कानस घासली, तो आता मुलांच्या मालकीचा झाला होता.

पुढची काही वर्षं विल्हेल्म सतत प्रवासात होता. चीन, सर्बिया, जिथून ऑर्डर मिळेल तिथं बोलणी करायची. तब्येत आधीच नाजूक, त्यात ही दगदग. 13 जानेवारी 1882 ला तो गेला, वयाच्या 47 व्या वर्षी. पॉलला आता बनवायचंही होतं आणि विकायचंही. यातलं दुसरं काम त्याचं कधीच नव्हतं. दोन वर्षांत भागीदारीची शेअर कंपनी झाली आणि 1887 च्या अखेरीस पॉल आणि बँकेचे शेअर बर्लिनच्या लुडविग ल्योवं कंपनीनं घेतले. कारखान्यावर नाव माउझरचं राहिलं, पॉल तांत्रिक प्रमुख राहिला, मालक दुसरे झाले. भाऊ असता तर असं झालं असतं का, हा प्रश्न ओबर्नडॉर्फमध्ये नक्की विचारला गेला असेल.

याच काळात फ्रान्सनं सगळ्यांची झोप उडवली. 1886 मध्ये त्यांनी बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल आणली. जुनी काळी दारू पेटली की धुराचा ढग व्हायचा, त्यात सैनिकाची जागा कळायची आणि त्यालाही समोरचं दिसायचं नाही. नवी दारू धूर करत नव्हती आणि तिच्यात जोरही जास्त होता. युरोपातल्या सगळ्या रायफली एका रात्रीत जुन्या झाल्या. जर्मन लष्करानं घाईघाईत 1888 ची नवी रायफल केली, पण ती पॉलला बाजूला ठेवून एका सरकारी समितीकडून.

म्हणजे देशाची पहिली रायफल ज्यानं दिली, त्याला दुसऱ्या वेळी विचारलंच नाही. पॉलनं मग जगाचा बाजार धरला. तुर्कस्ताननं 1887 मध्ये पाच लाखांहून जास्त बंदुकांची ऑर्डर दिली होती आणि करारात एक हुशार अट घातली होती की मधल्या काळात नवी सुधारणा झाली तर ती आम्हाला मिळाली पाहिजे. त्यामुळे पॉलला थांबायची सोयच नव्हती. बेल्जियमनं 1889 मध्ये त्याचं डिझाइन घेतलं आणि ते बनवण्यासाठी लीएजजवळ एर्स्टाल इथं एफएन नावाचा नवा कारखाना निघाला. हाच कारखाना पुढे युरोपात ब्राउनिंग पिस्तुलं बनवायला लागला. 1909 साली नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंग जातीचंच होतं.

1893 चं स्पॅनिश मॉडेल पॉलच्या कामातला मोठा टप्पा. पाच काडतुसं दोन रांगांत, एकमेकांच्या खाचेत बसावीत तशी, बंदुकीच्या पोटातच सामावली. खाली लोंबणारा डबा गेला. पत्र्याच्या एका पट्टीतून अंगठ्यानं पाचही एकदम दाबून भरता यायची.

याचा हिशेब 1898 मध्ये क्युबात लागला. सॅन हुआन टेकडीवर काही शे स्पॅनिश सैनिकांनी हजारो अमेरिकनांना तासन्‌तास रोखलं. अमेरिका ती टेकडी जिंकली खरी, पण तिला शेकडो माणसं मोजावी लागली. लढाईनंतर अमेरिकनांनी पकडलेल्या माउझर रायफली घरी नेल्या, उघडल्या, आणि त्यावरून आपली 1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल बनवली. साम्य इतकं उघड होतं की शेवटी अमेरिकन सरकारनं माउझर कंपनीला 2 लाख डॉलर मोजले.

दक्षिण आफ्रिकेतही तेच. बोअर शेतकऱ्यांकडे 7 मिलिमीटरच्या माउझर होत्या आणि लांबून नेम धरणं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. 1900 च्या जानेवारीत स्पिऑन कॉपच्या टेकडीवर ब्रिटिशांची दाणादाण उडाली. तिथून जखमींना डोल्यांवर घालून मैलोन्‌मैल वाहून नेणाऱ्यांत हिंदी लोकांची एक तुकडी होती. ती उभी करणाऱ्या तरुण वकिलाचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

अखेर जर्मनीलाही पॉलकडे परत यावं लागलं. 5 एप्रिल 1898 ला त्याची गेव्हेर 98 मंजूर झाली. आज शिकारीच्या दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बोल्ट रायफली याच डिझाइनच्या लेकी आणि नाती आहेत. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन कान, ते धक्का सोसतात. मागे तिसरा कान, पुढचे मोडलेच तर सैनिकाचं डोकं वाचावं म्हणून. काडतूस फुटलं तर वायू बाजूला निघून जावा म्हणून भोकं. पॉलनं आयुष्यभर फुटलेल्या बंदुका पाहिल्या होत्या आणि या रायफलीत प्रत्येक अपघाताचं उत्तर कुठंतरी घालून ठेवलेलं दिसतं.

यातली एक तपशिलाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती लोखंडात नाही, लाकडात आहे.

रायफलीचा लोखंडी भाग लाकडी दस्त्यात बसवलेला असतो. हा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असायचा, कारण अक्रोड हलकं, चिवट आणि कोरायला चांगलं. पण लाकूड ते लाकूडच. पावसाळ्यात घराची दारं फुगून चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, तेच इथंही होतं. लाकूड रेषेच्या दिशेनं फारसं हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आटतं. शिवाय ते दाबलं जातं. लोखंडी भाग दस्त्याला खालून दोन मोठ्या स्क्रूंनी आवळलेला असतो, एक पुढे, एक मागे. सैनिक स्क्रू घट्ट करतो, लाकूड थोडं चेपतं, स्क्रू सैल पडतो, तो पुन्हा आवळतो, लाकूड आणखी चेपतं. होता होता लोखंड लाकडात वाकडं बसतं. केसाएवढा फरक पडला तरी दोनशे-तीनशे मीटरवर गोळी दुसरीकडे जाते. नेम तोच, हात तोच, बंदूक तीच, आणि गोळी मात्र काल होती तिथं नाही.

माउझर 98 मध्ये यावर एक साधा उपाय आहे. मागच्या स्क्रूभोवती लाकडात एक पोलादी नळी बसवलेली असते. वरचा लोखंडी भाग आणि खालची चापाची कमान यांच्यामध्ये ती खांबासारखी उभी राहते. स्क्रू कितीही आवळा, दाब नळीवर येतो आणि लाकूड चेपत नाही. स्क्रू आपोआप फिरून सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या शेजारी अडवणारे छोटे स्क्रूही आहेत. गोळीचा मागचा धक्का सोसायला लोखंडाच्या पोटाला एक जाड ठोकळा आहे. आणि नळी एकसारखी निमुळती न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी बारीक केली आहे, म्हणजे तापून लांबली तरी ती लाकडाला रेटत नाही.

ज्या गावात हा माणूस वाढला तिथं लोखंडाइतकीच लाकूड कोरणाऱ्यांची किंमत होती, हे इथं आठवावं. कागदावर डिझाइन करणाऱ्याला अशी नळी सुचणं कठीण. चेपलेले दस्ते हातात घेऊन दुरुस्त केलेल्यालाच ती सुचते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इपॉक्सी मिळायला लागलं आणि अमेरिकेतल्या नेमबाजांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांनी एकाऐवजी दोन्ही स्क्रूंभोवती खांब बसवले. याला पिलर बेडिंग म्हणतात आणि तिकडं हे काम अनेक जण घरच्या वर्कशॉपमध्येच करतात. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची आणि लोखंडी भाग काढून घ्यायचा. दस्त्यातली स्क्रूची भोकं स्टँडवरच्या ड्रिलनं सरळ मोठी करायची. हातातल्या ड्रिलनं ते तिरकं गेलं की दस्ता वाया. ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची नळी मोजून कापायची, आणि इथंच खरं कौशल्य. नळी लांब झाली तर लोखंड लाकडावर टेकत नाही, आखूड झाली तर ती असून नसल्यासारखी. नळीचं आतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं हवं, कारण स्क्रूनं फक्त आवळायचं असतं, धक्का त्यानं सोसायचा नसतो.

मग नळी बाहेरून खरवडून इपॉक्सीत बसवायची. लोखंडाला आधी मेणाचं पॉलिश नीट चोपडायचं आणि भोकं, खाचा मातीच्या मऊ गोळ्यांनी बुजवायच्या. हे विसरलं तर रायफल आणि दस्ता कायमचे एक होतात, आणि विसरणारे दर वर्षी नव्यानं जन्माला येतात. धक्का सोसणाऱ्या ठोकळ्याला पुढून, बाजूनं आणि खालून टेप लावायची, म्हणजे तो फक्त मागच्या बाजूनं टेकेल. एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा सोपी असते. दोन्ही स्क्रू आवळायचे, एक हळूच सैल करायचा आणि नळी व लाकूड यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवायचं. नळी जराही उचलली गेली नाही तर काम जमलं. उचलली गेली तर लोखंड अजून ताणाखाली आहे.

जुन्या, मूळ अवस्थेतल्या लष्करी माउझरवर मात्र जाणकार हे करत नाहीत. एकदा ड्रिल फिरवलं की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते. आणि भारतात हा घरी करायचा उद्योगच नाही. आपल्याकडच्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवण्याप्रमाणेच दुरुस्त करण्यासाठीही परवाना लागतो, त्यामुळे हे काम परवानाधारक कारागिराकडेच जातं.

भारताच्या जंगलांतही पॉलचं काम पोचलं होतं. 1907 साली कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला गव्हर्नरांकडून रायफल भेट मिळाली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, .275 बोअरची. नाव इंग्रजी, पण आतली यंत्रणा माउझरची, आणि तिचं काडतूस म्हणजे माउझरचं तेच 7 मिलिमीटरचं काडतूस, इंग्रजी मापात मोजलेलं. कॉर्बेटनं ती पुढे वर्षानुवर्षं वापरली.

पॉलचं शेवटचं वेड होतं स्वयंचलित रायफलीचं. बोल्ट हातानं फिरवायचाच नाही, गोळीच्या धक्क्यानंच पुढचं काडतूस भरलं जावं. त्यानं त्यावर अनेक वर्षं घालवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच एका नमुन्याची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्याचा डावा डोळा गेला. ज्यानं दुसऱ्यांच्या डोळ्यांत वायू जाऊ नये म्हणून बंदुकीला भोकं पाडली, त्याच्याच तोंडावर ती फुटली. साठी ओलांडलेली होती, पैसा होता, 1898 ते 1903 तो जर्मन संसदेत खासदारही होता. घरी बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तो कारखान्यात येत राहिला. पण युद्धात सर्रास वापरता येईल अशी स्वयंचलित रायफल काही त्याच्या हातून झाली नाही.

1912 मध्ये व्युर्टेंबर्गच्या राजानं त्याला सरदारकी दिली. बंदूक कारागिराचं तेरावं पोर आता पॉल फॉन माउझर झालं. 29 मे 1914 ला, वयाच्या 75 व्या वर्षी, तो ओबर्नडॉर्फमध्येच वारला.

बरोबर महिन्यानं, 28 जूनला, साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी लागली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. ते पिस्तूलही एफएनचंच, म्हणजे माउझर रायफली बनवण्यासाठी निघालेल्या त्याच कारखान्यातलं. लाखो जर्मन सैनिक गेव्हेर 98 घेऊन खंदकांत उतरले. युद्ध लांबलं तसं वर्षानुवर्षं वाळवलेलं अक्रोड संपत आलं आणि दस्त्यांना बीचचं लाकूड वापरावं लागलं.

त्या युद्धात माउझरच्या समोर मराठी माणसंही उभी होती. मेसोपोटेमियात लढायला गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पुणे डिव्हिजन होतं आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 1915 च्या डिसेंबरात कुट-अल-अमारात तुर्कांनी त्यांना वेढलं. तुर्कांच्या हातातल्या रायफली ओबर्नडॉर्फच्या डिझाइनच्या. 29 एप्रिल 1916 ला उपासमारीनं वेढ्यातल्या सैन्यानं शरणागती पत्करली. त्यातले किती तरी जण कैदेतून घरी परतलेच नाहीत.

इकडे देशात उलटी गोष्ट घडत होती. पॉल जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. 26 ऑगस्ट 1914 ला कलकत्त्यातल्या रॉडा कंपनीच्या मालाच्या पेट्या बंदरातून सोडवून आणताना वाटेतच काही पेट्या गायब झाल्या. त्यांत होती 50 माउझर पिस्तुलं आणि 46 हजार काडतुसं. बंगालच्या क्रांतिकारकांनी ती आपसांत वाटली. 1915 मध्ये बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले ते माउझर पिस्तुलांनीच.

ओबर्नडॉर्फचा कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी मोडून टाकला. तिथले काही इंजिनियर गावातच राहिले आणि 1949 मध्ये त्यांनी हेक्लर अँड कॉख ही नवी कंपनी काढली. 26/11 च्या वेळी मुंबईत उतरलेल्या एनएसजी कमांडोंच्या हातात दिसलेली एमपी-5 ही त्याच कंपनीची बंदूक, त्याच गावात जन्मलेली.